शॉवरला पिशवी बांधणाऱ्या मावशी

बाथरूममध्ये पाय ठेवण्याआधी मावशी भिंतीला अंगठ्याचं नख लावायच्या. टाईलवरून नख एकदा वरून खाली ओढायचं, नखात आलेलं पांढुरकं नाकाशी न्यायचं आणि निकाल द्यायचा. "ह्यो बोअरचा क्षार हाय." नाहीतर, "ही साबनाची साय हाय, लई दिसाची." आमच्या शेजाऱ्यांच्या बाथरूमबद्दल त्यांनी काय निकाल दिला होता ते मी इथे लिहीत नाही. रोज जाता-येता गाठ पडते.

तुमच्याही कॉलनीत अशी एखादी बाई येत असेल. धुण्याभांड्याची नव्हे, फक्त बाथरूमची. मावशी महिन्यातून एकदा यायच्या. मुकुंदवाडीतल्या आमच्या गल्लीत दहा-बारा घरं त्यांच्याकडे होती. माझ्या मोबाइलमध्ये त्यांचा नंबर 'बाथरूम मावशी' म्हणून आहे. अजून आहे.

मूळच्या त्या सिल्लोडकडच्या. घर मेंढरं राखणारं. मेंढरं विकली, नवरा-बायको मजुरीला शहरात आले, पण मेंढरं काही त्यांच्या बोलण्यातून गेली नाहीत. गॅसच्या दरावर बोलणं चाललं असलं तरी मध्येच एखादं मेंढरू येऊन उभं राहायचं.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. आम्ल आणि आम्लारी हा धडा तर पाठ आहे. त्यामुळे मावशी पहिल्यांदा आल्या तेव्हा मी तयारीत होतो. बाथरूम क्लीनरची महागडी निळी बाटली आणून ठेवली होती. आमच्या शॉवरची तेव्हा अर्धी भोकं बोअरच्या पाण्याने बुजली होती. उरलेल्यातून एक धार डोक्यावर पडायची आणि एक थेट खिडकीबाहेर जायची.

मावशींनी बाटली हातात घेतली, फिरवून पाहिली. "झ्याक हाय. शोकेसात ठिवा."

"मग घासणार कशाने?"

"शहागंजातून सिरका आना. सादा, पांढरा. खायचा सोडा सैपाकघरात ताईकडं असंलच. आन् लिंबं पिळल्यावर साली फेकत नका जाऊ."

सिरका, म्हणजे व्हिनेगर, आला. मावशींनी तो दुधाच्या रिकाम्या पिशवीत ओतला, शॉवरचं तोंड त्यात बुडवलं आणि वरून रबर गुंडाळलं. दाढ सुजल्यावर गाल बांधून बसलेल्या माणसासारखा शॉवर दिसायला लागला.

"आता?"

"आता च्या प्या सर. मुरू द्या."

चहा पिऊन स्वस्थ बसेल तो विज्ञानाचा शिक्षक कसला? मी बादलीत उरलेला सिरका घेतला आणि त्यात सोड्याची पुडी रिकामी केली. फस्सकन फेस वर आला. मी खूश. असा प्रयोग वर्गात केला की पोरं टाळ्या वाजवतात.

मावशी कपाळाला हात लावून बघत होत्या. "फेस बघून पोट भरतं का सर? दोगं एकमेकालाच खाऊन बसतेत. भिंतीसाटी काय उरलं?"

मी बादलीत पाहिलं. फेस बसला होता आणि खाली बहुतेक पाणीच उरलं होतं. उदासिनीकरण. आठवी इयत्ता. मी मुकाट्याने चहा प्यायला गेलो.

तासाभराने मावशींनी पिशवी सोडली. जुन्या टूथब्रशने शॉवरचं तोंड घासलं, सुईने एकेक भोक मोकळं केलं. भिंतीवर लिंबाच्या साली फिरवल्या. खालच्या साबणाच्या थरावर ओला सोडा चोपडला, तो मुरू दिला आणि कांद्याच्या जाळीदार पिशवीच्या बोळ्याने घासला. मग शॉवर सोडला. सगळ्या धारा सरळ खाली. माझे वडील, आमचे नाना, दारातून बघत होते. म्हणाले, "अरे, हा शॉवर आहे होय! मला वाटलं गळतंय."

पुढे तीन-चार वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग मी एक व्हिडिओ पाहिला.

टाईल्स धुऊन कोरड्या झाल्या की त्यांच्यावर तेलाचा हलका हात फिरवा, पाणी ठरत नाही, क्षार धरत नाही, असं त्यात एक बाई हसत हसत सांगत होती. मावशी लग्नासाठी गावाकडे गेल्या होत्या. मी भिंतीला खोबरेल लावलं. भिंत अशी चकाकली की मला माझा चेहरा दिसला. त्या चेहऱ्याचं कौतुक वाटून मी उरलेलं तेल फरशीलाही लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना तिथे घसरून पडले. वय अठ्ठ्याहत्तर. डाव्या मनगटाला प्लास्टर.

नाना दवाखान्यात असताना मी धावत घरी येऊन पावडर टाकून फरशी धुतली. भेटायला येणाऱ्यांना सांगितलं, "वय झालंय आता." नानांच्या समोरच सांगितलं, आणि एकदा नव्हे. खोटं कुठं आहे, वय झालंच आहे, असं मी स्वतःला समजावत होतो.

नानांनी ते खरं मानलं. प्लास्टर निघालं तरी ते बाथरूममध्ये जाईनात. खोलीतच ओल्या फडक्याने अंग पुसायचे. रोज सकाळी स्टेशनवर जाऊन बाकावर बसायचे, गाड्या बघायचे, तेही बंद झालं. "पाय गेले माझे," म्हणायचे आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडायचे. हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत म्हातारा होत होता, आणि ते थांबवणारं एक वाक्य माझ्याजवळ होतं. माझ्या तोंडातून ते निघत नव्हतं.

दोन महिन्यांनी मावशी परत आल्या. भिंतीला नख. नख नाकाशी. मग वाकून फरशीच्या सांध्यात नख. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"खोबरेल."

मी दाराची कडी वरखाली करू लागलो.

"बाबा ह्याच्यावरच पडले ना?"

मी मान हलवली.

"घरात ठावं हाय?"

"नाही."

मावशींनी पदर खोचला. "फरशीचं मी काढते. बाबाला तुमी सांगा. मी नाय सांगनार."

गरम पाणी आणि सोडा घेऊन त्यांनी सांधा न् सांधा घासला. कोरड्या फरशीवर, ओल्या फरशीवर स्वतः चालून पाहिलं. मग मला हाक मारली.

"कातरायच्या आधी मेंढरं नदीत धुतेत, सर. येखादं काठावर घसरलं की परत तितं पाय ठिवत नाय. किती बी हाकला. मंग धन्यानं आधी पान्यात उतरायचं. त्याला दिसलं पायजे."

"म्हणजे?"

"म्हंजे उतरा."

मावशींनीच नानांना हाताला धरून आणलं आणि बाथरूमच्या दाराशी खुर्चीत बसवलं. मी अर्ध्या चड्डीत, अनवाणी, शॉवरखाली. वय वर्षं एक्कावन्न.

"पाय आपटा."

मी आपटले.

"आसं नाय. नाचा."

मी नाचलो. लग्नाच्या वरातीत जो हात वर करून नाचायचं टाळत आलो, तो हात वर करून नाचलो. बायको आवाज ऐकून स्वयंपाकघरातून आली आणि दाराला धरून हसू लागली. नानाही हसले, दोन महिन्यांत पहिल्यांदा. मग हसू आवरून म्हणाले, "त्याचे पाय शाबूत आहेत मावशी. माझे गेलेत."

मावशी नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. शॉवरखालच्या माणसाच्या डोळ्यांत काय आहे ते कुणाला कळत नाही, तेवढाच आधार.

"नाना," मी म्हणालो, "तुमचे पाय नाही गेले. मी फरशीला खोबरेल लावलं होतं."

बायकोचं हसू थांबलं. मावशी वळून फडकं पिळायला लागल्या. ते फडकं त्यांनी आधीच पिळलं होतं.

"कधी?" नाना म्हणाले.

"तुम्ही पडलात त्याच्या आदल्या दिवशी."

"फरशीला?"

"व्हिडिओत भिंतीलाच सांगितलं होतं."

पाणी पडत होतं, मी भिजत होतो.

"गाढवा," नाना म्हणाले, "दोन महिने मी स्वतःला म्हातारा समजत होतो!"

मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले. "हो बाजूला."

मी सवयीने त्यांना धरायला हात पुढे केला. मावशींनी माझं ओलं मनगट धरून मला बाहेर ओढलं. "चला सर. बाबाची आंघोळ हाय." आणि दार लोटून घेतलं.

आम्ही तिघं बाहेर उभे, दाराला कान लावून. बराच वेळ काही नाही. मग पाणी सुरू झालं. मग आतून नाना ओरडले, "साबण कुठं ठेवलाय रे?"

दुसऱ्या दिवशी ते स्टेशनवर गेले. खोबरेलाची गोष्ट त्यांनी पुढे वर्षभर गल्लीत सांगितली, आणि गल्लीतून ती माझ्या वर्गात पोचली. आम्लारीचा धडा आला की मागच्या बाकावरून कोणीतरी विचारतं, "सर, तेल कशात मोडतं?"

आता बाथरूम मीच घासतो. पिशवी बांधतो, पण रबर सुटतं आणि सिरका बाहीत शिरतो. मावशी इथे असत्या तर म्हणाल्या असत्या काहीतरी, आणि त्यात एखादं मेंढरू असतं.

गुडघ्यांमुळे त्यांना उकिडवं बसवेना, म्हणून त्यांनी काम सोडलं आणि गावी निघाल्या. निरोप घ्यायला आल्या तेव्हा पहिल्यांदाच हात रिकामे होते, ब्रश नाही, बोळा नाही. खुर्चीवर बसून त्यांनी चहा घेतला. उठताना कष्ट पडले. नानांनी चपला घातल्या.

"बसपर्यंत येतो," ते म्हणाले.

"आवो बाबा, तुमी कशाला?"

"चला."

मी फाटकाशी उभा राहून बघत होतो. मावशींची पिशवी नानांच्या हातात होती. ते पुढे चालले होते, ऐंशी ओलांडलेले, ताठ. दर दहा पावलांवर ते थांबत, मागे वळत आणि मावशी पोचेपर्यंत वाट बघत.