जाळीची शाल आणि घोडीचा सौदा

माझा धंदा जनावरांचे फोटो काढण्याचा. शहाद्याला एक खोली भाड्याने घेतली आहे. तिथे पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यातल्या साहेबांचे लॅब्राडॉर येतात, मास्तरणींची पामेरियन येतात, एखादा पोपट पिंजऱ्यासकट येतो. पोळ्याच्या आधी बैलांसाठी मीच गावोगाव फिरते. पहिला कॅमेरा मी घासाघीस करून जुना घेतला होता, आणि विकणारा शेवटी हात जोडून "घ्या ताई, पण आता बोलू नका" म्हणाला होता. त्याआधी लग्नाच्या स्टुडिओत दिवे धरून उभी राहायचे. तिथून निघाले तेव्हा मालक हसून म्हणाला होता, कुत्र्यामांजरांचे फोटो काढून कोणाचं पोट भरत नाही. माझं भरलं. कुणी भरलं नाही, मी भरलं.

आणि मी विणते. जनावर सांगून बसत नाही. कुत्रं कोपऱ्यात तोंड घालतं, मालक त्याच्यावर ओरडतो, मी मालकावर ओरडते, आणि कुत्रं आणखी आत शिरतं. माझ्या रागाचा वास त्याला येतो, हे मला लवकर कळलं. म्हणून मी स्टुलावर बसते आणि सुया हातात घेते. एक सुलट, एक उलट. दहा ओळी होईपर्यंत माझा श्वास खाली येतो, आणि लोकरीचा गुंडा कुठे गडगडतो ते बघायला कुत्रं आपोआप पुढे येतं. मग सुया ठेवायच्या, कॅमेरा उचलायचा.

विणलेलं मी विकत नाही. लोक मागतात. "आमच्या मोतीला एक स्वेटर करून द्या, फोटोच्या भावात धरा." मी साफ नाही म्हणते. फोटोसाठी मी रुपयारुपयाला भांडते, गिऱ्हाईक जिना उतरेपर्यंत भांडते. पण लोकरीचा भाव मी कधी काढला नाही. घरच्यांनी, ओळखीच्यांनी यावर मला खुळी ठरवलं आहे. एवढा एकच जिन्नस माझ्यापाशी आहे ज्यावर कोणाशी घासाघीस करावी लागत नाही, तो मला तसाच ठेवायचा होता.

खोलीचं भाडं मात्र कुत्र्यांवर निघत नाही. ते निघतं सारंगखेड्याच्या यात्रेवर. दत्तजयंतीला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो, लांबलांबचे व्यापारी दावणी लावतात, आणि आजकाल प्रत्येकाला मोबाइलवर पुढच्या गिऱ्हाइकाला पाठवायला घोडीचा चांगला फोटो लागतो. कान उभे, मान वर, चारी पाय मोकळे दिसले पाहिजेत. हे काम मी चांगलं करते. एका व्यापाऱ्याच्या दावणीशेजारी, बाभळीपाशी, माझी ठरलेली जागा होती. त्याच्या घोड्यांचे फोटो मी पहिल्यापासून काढत आले, आणि तोच बाकीच्यांना माझ्याकडे पाठवायचा. ती यात्रा हातची गेली तर खोली गेली, आणि खोली गेली की मी पुन्हा कुणाच्यातरी लग्नात दिवे धरणार. हे मला पाठ होतं.

गेल्या यात्रेत थंडी बोचरी होती. सकाळी तापीवरून धुकं चढायचं, घोड्यांच्या नाकातून वाफा निघायच्या. माझ्या अंगावर मीच विणलेली तांबडी शाल होती. जाळीची वीण, पानापानांची. दोन पावसाळे त्या शालीवर गेले होते, कारण एक टाका चुकला की पान वाकडं होतं आणि मी सगळं उसवते. ऊन वर आलं तशी मी ती काढून खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि व्यापाऱ्याच्या पांढऱ्या घोडीचे फोटो काढायला लागले.

तेवढ्यात त्याच्याकडे गिऱ्हाईक आलं.

घोड्याचा भाव तोंडाने बोलत नाहीत. विकणारा आणि घेणारा एकमेकांचा हात धरतात, वरून उपरणं किंवा टॉवेल टाकतात, आणि खाली बोटं दाबून आकडा सांगतात. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कळत नाही कोण किती म्हणाला. सौदा मोडला तरी कोणाची लाज जात नाही. बायका त्या कापडाखाली हात घालत नाहीत. मी एवढी भांडखोर, पण मीही कधी घातला नव्हता.

व्यापाऱ्याने खांदा चाचपला. उपरणं नव्हतं. शिंगराने ते दावणीत ओढून चघळून ओलंचिंब केलं होतं. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ माझ्या खुर्चीवरची शाल उचलली.

"ठेव ती, दादा!" मी ओरडले. "तिले हात लावानं काम नही!"

"अवं ताई, खाई नही टाकसू मी तिले. एक मिनिट."

गिऱ्हाईक हसलं. व्यापाऱ्याने शाल दोघांच्या हातांवर टाकली आणि झालं, सौदा सुरू. आता शाल ओढून घेणं म्हणजे सौद्यात मोडता घालणं. मी दातओठ खात कॅमेऱ्यात डोळा घातला. पांढऱ्या घोडीने मान लांब करून दोघांच्या मधे आणली होती, खाली तांबडी शाल, मागे नदीवर अजून रेंगाळलेलं धुकं. कोणीही काढला असता तो फोटो. मी ओळीने चार-पाच काढले.

ऊन समोरून येत होतं. मी ज्या बाजूला उभी होते त्या बाजूने, पानांच्या जाळीतून, दोघांची बोटं स्वच्छ दिसत होती.

माझ्या शेजारी दुसरं गिऱ्हाईक उभं होतं. गुजरातेतून आलेला माणूस. कालपासून तो व्यापाऱ्याच्या तशाच दुसऱ्या घोडीवर डोळा ठेवून होता, आणि त्याच्याकडे व्यापाऱ्याने कितीतरी चढा भाव लावून धरला होता. तो माणूस वाकून शालीकडे बघत राहिला. मग मोठ्याने हसला.

"वाह सेठ! इनको इतने में, और हमको?"

पहिल्या गिऱ्हाइकाने चटका बसल्यासारखा हात बाहेर काढला. लोक जमले. कोणी म्हणालं, बोटं दिसली. कोणी हातवारे करून आकडाच सांगून टाकला. दोन्ही सौदे उभ्याउभ्या मोडले आणि व्यापारी मधोमध शाल हातात घेऊन उभा राहिला. त्याने ती उजेडाकडे धरली.

"इतली भोकं कसाले?"

"जाळीनी वीण शे ती! जाळीमा भोकंच ऱ्हातस!" मी म्हणाले. "मी दिधी का तुले? तूच उचली लिधी ना?"

इथवर ठीक होतं. पण कोणाचं तरी लक्ष माझ्या कॅमेऱ्याकडे गेलं. "बाई फोटो काढी ऱ्हायनी व्हती," असं गर्दीतून आलं, आणि व्यापाऱ्याचा चेहरा बदलला.

"फोटो दखाड."

"कसाले दखाडू? घोडीना फोटो शे."

"मंग दखाड ना."

मी दाखवले नाहीत. माझा कॅमेरा, माझे फोटो, आणि चूक त्याची. आरोपीसारखी मी का उभी राहू? आजही मला वाटतं मी बरोबर वागले. पण लोकांनी त्याचा अर्थ एकच लावला. गुजरातवाल्याने मला आधीच फोडली होती, मी मुद्दाम भोकांची शाल खुर्चीवर ठेवली आणि बोटांचे फोटो काढले. दुपारपर्यंत हे शेवटच्या दावणीपर्यंत पोचलं.

मग माझ्याकडे कोणी येईना. आधी सांगून ठेवलेला घोडेवाला समोरून जाताना दुसरीकडे बघायला लागला. मी हाक मारली तर म्हणाला, "नको ताई. तुन्हा कॅमेरा बोटं मोजस." त्याच्या मागची पोरं हसली. मी त्याला दोन शब्द ऐकवले, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. त्याने आणखी दोघांना सांगितलं. दुसऱ्या दिवशीही मी बाभळीखाली कॅमेरा गळ्यात अडकवून उभी होते. आजूबाजूला घोडे नाचत होते, ढोल वाजत होते, मोबाइलवर वेडेवाकडे फोटो काढले जात होते, आणि माझ्यासमोर एक कुत्रं येऊन बसलं. एरवी कुत्रं बसवायला मला अर्धा तास लागतो. ते आपणहून बसलं होतं, कान उभे करून. मला रडायला आलं, म्हणून मी त्याला हाकललं.

नवरा टेम्पो घेऊन संध्याकाळी आला. त्याला सगळं कळलेलं होतं.

"माफी माग नि मोकळी व्हय," तो म्हणाला. "आनि तुले विणनं शे ना, ते घर बशीसन विण. धंदामा कसाले आनस?"

"माफी? शाल मन्ही, उचली त्यानी, आनि माफी मी मागू?"

"मंग खोलीनी किल्ली दी ये मालकले."

त्याने हे शांतपणे म्हटलं. मी खुर्ची उचलून टेम्पोत टाकली.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक म्हातारे माझ्या खुर्चीपाशी आले. बाजारात सगळे त्यांना आप्पा म्हणतात. आता घोडे विकत नाहीत, पण सौद्यात तंटा झाला की दोन्ही बाजू त्यांच्याकडे जातात. ते माझ्यासमोर उकिडवे बसले.

"तुन्हं चुकनं नही, माय," ते म्हणाले. "पन त्यानी इज्जत गई. चार लोकेसमोर गई. ती त्याले परत दे."

"मी कशी देऊ?"

"फोटो पुसी टाक, त्यानासमोर. आनि तुन्हा हातनं एक कापड विणीसन दे त्याले, सौदाना. घट्ट. मागे दिवा धरा तरी उजेड नको दिसाले."

"मन्हं विणकाम इकानं नही, आप्पा."

"इकत कोन मांगस? दे, सांगी ऱ्हायनू."

फुकट. म्हणजे विकण्याहून वाईट. मी त्यांच्याशी भांडले. फोटो पुसते, कापड विकत आणून देते, दोन घोड्यांचे फोटो बिनपैशाचे काढते. ते प्रत्येकाला मान हलवत राहिले. एवढा पक्का सौदा करणारा माणूस मला आजवर भेटला नव्हता. शेवटी ते उठले आणि म्हणाले, "मंग ऱ्हाऊ दे," आणि वळले. मी गिऱ्हाइकांबरोबर हीच युक्ती करते. ती आहे हे माहीत असूनही मी त्यांना परत हाक मारली.

पिशवीत काळी लोकर होती. मी बारीक सुया घेतल्या, लोकर दुहेरी केली, आणि बाभळीखाली बसले. एक सुलट, एक उलट, पुढच्या ओळीत उलटसुलट, म्हणजे कापड दाट होतं आणि कुठे फट राहत नाही. दुहेरी लोकर बारीक सुईवर सरकत नाही. तर्जनीला आधी वळ उठला, मग कातडी सोलली. दर चार ओळींनी मी कापड उन्हाकडे धरून बघायचे. येणारेजाणारे थांबायचे. "बाई दंड भरी ऱ्हायनी," एक जण दुसऱ्याला म्हणाला, मला ऐकू जाईल असं. मी मान वर केली नाही. एरवी विणताना राग उतरतो. त्या दिवशी टाक्यागणिक चढत होता, आणि जितका चढत होता तितकं कापड घट्ट येत होतं. आता ते चांगलं यायलाच हवं होतं. यात्रा उठायला फार वेळ नव्हता.

ते झालं तेव्हा मी स्वतः नेऊन दिलं. आधी त्याच्यासमोर फोटो पुसले. घोडीची मान, धुकं, तांबडा रंग. एकेक करून गेले. त्याने नीट बघितलंही नाही. कापड मात्र त्याने घेतलं, दोन्ही हातांनी ताणलं, सूर्यासमोर धरलं. आप्पांनी मागून आपली काठी धरली, ती दिसते का बघायला. दिसली नाही. व्यापाऱ्याने मान डोलावली. मी वाट बघत होते की आता तरी तो म्हणेल, शाल मीच उचलली होती. चार माणसांसमोर, एवढंच. तो म्हणाला नाही.

"हात आन," तो म्हणाला.

मला कळेना.

"या वरीसना फोटोना भाव ठरावना ना? आन हात."

भोवतीचे लोक जवळ सरकले. मी हात पुढे केला. त्याने काळं कापड आमच्या हातांवर टाकलं. त्याचा हात खरखरीत आणि थंड होता. त्याने माझी बोटं दाबली आणि आकडा सांगितला.

मी घेत होते त्याहून कितीतरी कमी.

माझं सोललेलं बोट ठणकत होतं. मी माझा आकडा दाबला. त्याने पुन्हा त्याचाच दाबला, जरा जोरात. मी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. कापडाखाली बोलत नाहीत. इतकी वर्षं मी जे काही कमावलं ते तोंडाने कमावलं होतं आणि इथे ते चालणार नव्हतं. मी एक बोट खाली आणलं. तो हलला नाही. माझ्या डोळ्यांकडे बघत राहिला, आणि त्याला माझी अवस्था माहीत होती. यात्रेतल्या प्रत्येकाला माहीत होती. बाहेरून बघणाऱ्यांना फक्त एक बाई आणि एक पुरुष शांत उभे दिसत असतील. आत काय चाललंय ते कोणाला दिसत नव्हतं. ते कापड मीच इतकं घट्ट विणलं होतं.

मी त्याचा आकडा परत दाबला.

"झायं," तो मोठ्याने म्हणाला, आणि लोक हलले. आप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. व्यापाऱ्याने कापडाची घडी घालून खांद्यावर टाकली आणि पांढऱ्या घोडीला ओढत बाभळीपाशी आणलं. त्याच्यामागे आणखी दोघे आपापले घोडे घेऊन यायला निघालेले मला दिसले. तेही तोच भाव मागणार, हे मला तेव्हाच कळलं.

मी कॅमेरा उचलला. बोटाला चिंधी बांधली होती, त्यामुळे बटण नीट दाबता येत नव्हतं. "मान वर धर तिची," मी त्याला म्हणाले. "आनि तू बाजूले व्हय. फोटोमा तू नको."