धुक्यात खाली बसलेली पोरगी

चिखलदऱ्याला तंबूत राहायचं हे खूळ माझ्या नवऱ्याचं. तो मूळचा अकोल्याचा, शाळेत गणित शिकवतो, आणि एकदा एखादी गोष्ट डोक्यात घेतली की ती मांडून, सोडवून, खाली रेघ ओढल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. पठारावर भाड्याने तंबू देणाऱ्या एका माणसाला त्याने फोन केला, दोन तंबू ठरवले, आणि जानेवारीतल्या जोडून आलेल्या सुट्ट्यांत आम्ही अमरावतीहून निघालो. तो, मी आणि आमची तेरा वर्षांची मुलगी. माझी आई अंजनगावहून एस.टी.ने परतवाड्याला आली होती, तिला स्टँडवरून गाडीत घेतलं.

आईचं सगळं आयुष्य पानमळ्यात गेलं. वडील लवकर गेले. त्यांच्यामागे तिने मळा एकटीने सांभाळला आणि मला वकिलीपर्यंत शिकवलं. गाडीत बसल्या बसल्या तिने विचारलं, "चांगलं घर सोडून रानात निजाले काहून चाल्ले तुमी? आमी तं रानातून घरात निजाले मिळावं मनून जनमभर मरमर केली."

नवरा हसला. मुलगी खिडकीतून बाहेर बघत होती, तीही गालातल्या गालात हसली.

ती हसायची, पण बोलायची फार कमी. पाहुणे आले की आतल्या खोलीत. वर्गात उत्तर येत असूनही हात वर नाही. माझं पोट बोलण्यावर चालतं. कोर्टात समोरच्या वकिलाला वाक्य पुरं करू देत नाही अशी माझी ख्याती आहे, आणि माझीच लेक चार माणसांत तोंड उघडत नाही, हे मला खरं सांगायचं तर कमीपणाचं वाटायचं. घाट चढताना मी तिला म्हटलंही, "तिथे तुझ्या वयाची मुलं असतील. जरा बोल त्यांच्याशी." ती "हं" म्हणाली.

संध्याकाळी तंबू उभे राहिले. शेजारच्या तंबूंतली मुलं अंताक्षरी खेळत होती. आमची आजीच्या शालीत शिरून बसली होती. मी दोनदा हाक मारली आणि मग सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दरी बघायला जायचं होतं. तंबूवाल्याने बजावलं होतं की धुकं उठल्यावर जा, नऊनंतर. नवऱ्याला सूर्य वर येताना दरी बघायची होती. "काल दिवसाउजेडी मी वाट बघून आलोय. सरळ वीस मिनिटं," म्हणून त्याने सातलाच आम्हाला बाहेर काढलं. आईने पोळ्या आणि मिरचीचा ठेचा फडक्यात बांधून घेतला.

निघालो तेव्हा धुकं विरळ होतं. दहाएक मिनिटांत ते असं दाटलं की पुढे चालणाऱ्या नवऱ्याची पाठ तेवढी दिसायची. मोबाइलवरचा नकाशा एका जागी अडकून बसला होता. गवत गुडघ्याला लागत होतं. पायवाट आहे की गुरांच्या खुरांनी पडलेली रेघ, ते मला तरी कळत नव्हतं.

"बाबा, थांबा," मुलगी मागून म्हणाली.

"आलंच आता. पाच मिनिटं."

"बाबा, म्हशींच्या घंट्या ऐका."

आम्ही ऐकल्या. गवळ्यांच्या म्हशी कुठेतरी चरत होत्या.

"मघाशी त्या बाजूने येत होत्या. आता खालून येताहेत," ती म्हणाली. "पायाखालून. आणि वारापण खालून वर येतोय."

"दरीकडे चाललोय, तर खालूनच येणार ना आवाज," नवरा म्हणाला आणि वळून चालायला लागला.

आणि माझी मुलगी ओल्या गवतात मांडी घालून खाली बसली.

"मी इथून हलणार नाही," ती म्हणाली. "तुम्हीपण जायचं नाही."

मोठ्याने नाही म्हणाली. पण तिचा असा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. नवरा परत आला. तो चिडला होता, आणि बायको-सासूसमोर पोरीने अडवलं म्हणून जास्तच चिडला होता. "ऊठ. नाटकं नकोत. मी काल येऊन गेलोय ना इथे?"

"काल दिसत होतं, बाबा. आज दिसत नाहीये."

तिचे डोळे भरले होते. तरी ती उठली नाही.

मला आजही कबूल करावं लागतं की त्या क्षणी मी नवऱ्याच्या बाजूने होते. मला थंडी वाजत होती, चप्पल-बूट भिजले होते, आणि वाटलं, बोलायच्या वेळी बोलत नाही नि आता हट्ट. मी तिला दंडाला धरून उठवायला वाकलेच होते, तेवढ्यात आई पुढे आली. पदर खोचला, गुडघ्यावर हात टेकत नातीच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "मी बी नाई उठत."

"आई, अहो तुम्ही तरी…" नवरा म्हणाला.

"जावईबापू, बसा. दरी कुठी पळून नाई चालली."

मी बसले. तो एकटा उभा राहिला. दोन पावलं पुढे गेला. मुलीने फक्त "बाबा" म्हटलं, आणि तो थांबला. मग तोही येऊन बसला, आमच्याकडे पाठ करून.

आईने फडकं सोडलं. आम्ही पोळी-ठेचा खाल्ला, ठेच्याने नाकं वाहायला लागली, आणि आईने नातीचे गारठलेले हात आपल्या शालीत ओढून घेतले. किती वेळ गेला सांगता येत नाही. तासभर असेल. मग उजव्या अंगाने उजेड आला, धुकं सुटं सुटं होत हललं, आणि समोरचं गवत दिसायला लागलं.

ते आमच्यापासून आठ-दहा पावलांवर संपत होतं.

त्याच्यापुढे काही नव्हतं. सरळ कडा होता, आणि खूप खाली, बोटाएवढ्या दिसणाऱ्या म्हशी चरत होत्या. आदल्या दिवशी नवरा ज्या वाटेने आला होता ती डावीकडे, बरीच लांब राहिली होती.

आई देवाचं नाव घेत होती. नवरा उठला नाही. बसल्या बसल्या वळला, गुडघ्यांवर सरकत मुलीजवळ आला आणि म्हणाला, "माझं चुकलं बेटा. पहिल्यांदा म्हणालीस तेव्हाच थांबायला पाहिजे होतं."

वर्गात चाळीस पोरांपुढे कधी चूक कबूल न करणारा माणूस. मुलगी म्हणाली, "मला खूप भीती वाटत होती." आणि आता कुठे ती हमसून रडली.

परतताना तो तिच्या मागून चालला. वाट फुटली की तो थांबायचा आणि ती कुठे वळते ते बघायचा.

तंबूवाल्याला, शेजारच्या कुटुंबांना, नंतर अकोल्याला आपल्या आई-वडिलांना, सगळ्यांना त्याने स्वतःच हे सांगितलं. आपली चूक जराही न झाकता, उलट खुलवून. "मी ओरडत होतो, आणि ही बसून!" सांगताना त्याचा चेहरा असा फुलायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, पोरगी बोर्डात पहिली आली. आईने तर अंजनगावात ही गोष्ट घरोघर पोचवली. मला फोनवर म्हणाली, "तू कोर्टात लय बोलतं, बाई. पन त्या दिशी तुले बी बसवलं तिनं."

त्याच दिवशी दुपारी, ऊन चांगलं पडल्यावर, आम्ही पुन्हा दरीकडे गेलो, या वेळी तंबूवाल्याला बरोबर घेऊन. मुलीला विचारलं, यायचं का, नाहीतर आजीसोबत थांब. ती आलीच. कठड्याशी उभी राहून तिने सगळी दरी नीट पाहून घेतली, आणि खाली बोट दाखवून तंबूवाल्याला विचारायला लागली की त्या म्हशी संध्याकाळी वर कुठून चढतात. तो सांगत होता, ती अजून विचारत होती. मी चार पावलं मागे उभी राहून ऐकत होते. मध्ये बोलायची मला एकदाही इच्छा झाली नाही.