बस एकच, मग बुकिंगही एकदाच

तुमच्या घरातल्या कोणाचं रोजचं काम आता फोनमधल्या एका बटणावर अडून बसलंय, आणि ते बटण त्या माणसाला एकट्याला दाबता येतं का, हे तुम्ही कधी बघितलंय?

आमच्या घरी हा प्रश्न बसच्या थांब्यावरून निघाला. पण आधी घराविषयी सांगते. पप्पा आकुर्डीला कारखान्यात होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे. तेव्हा आम्ही संत तुकाराम नगरमध्ये दोन खोल्यांत राहायचो, आणि मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. ‘कामगार बंधूंनो’ हे मला ‘कमळ’ आणि ‘गवत’च्या आधी वाचता यायला लागलं. उरलेली पत्रकं आमच्याकडे वाया जात नसत. फळीवर डब्यांखाली पत्रक, पुस्तकांना कव्हर पत्रकाचं. माझ्या भूगोलाच्या वहीवर वर्षभर ‘आता माघार नाही’ असं ठळक छापलेलं होतं. बाई म्हणाल्या, कव्हर बदल. मी अर्थातच बदललं नाही.

आता आम्ही पुनावळ्यात राहतो, पप्पा निवृत्त झालेत आणि पत्रकांची जागा फोनने घेतलीय. पप्पा फोनचा कॅमेरा जुन्या पत्रकांवर धरून अक्षरं मोठी करून वाचतात आणि वर म्हणतात, “काय लिहायचो राव मी!” विहारातल्या वाचनालयाच्या ग्रुपवर ते त्यांचे फोटो टाकतात, आणि लोक त्याखाली हात जोडतात. आईचं वेगळंच. ती फोनच्या उजेडात सकाळी तांदूळ निवडते. मंडईत जाण्याआधी उघड्या फ्रिजचा फोटो काढते, म्हणजे घरात काय नाही ते कळतं. फोन बंद असेल तेव्हा त्याच्या काळ्या काचेत केस नीट करते. टाइप मात्र करत नाही. बोलून पाठवते. सगळ्या जगाला तिचे निरोप एकाच सुरात जातात, गॅसवाल्यालाही आणि मामीलाही: “हं, ऐक.”

आई चाकणला एका कंपनीत गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधते. कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीवाला सगळ्यांच्या फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतो, आतले फोटो बाहेर जाऊ नयेत म्हणून. रोज स्टिकर लावायचं, रोज काढायचं. त्या गोंदामुळे आईने काढलेल्या प्रत्येक फोटोत उन्हाळ्यातसुद्धा धुकं असतं.

फर्स्ट शिफ्टला जायला कंपनीची बस. हायवेच्या अंडरपासजवळ थांबा, उजाडायच्या आत. त्या थांब्यावर आई आणि आणखी दहा जणी चढतात. काही आमच्यासारख्या नव्या इमारतींतल्या, काही मूळ गावातल्या. त्यांच्यात एक जुना रिवाज आहे. जी पहिली पोचेल तिने बस आली की खालच्या पायरीवर एक पाय ठेवायचा आणि दुसरा रस्त्यावरच राहू द्यायचा. सगळ्या येईपर्यंत तो पाय हलत नाही. पाय पायरीवर असताना ड्रायव्हर दार कसं लावणार?

मग कंपनीने बसचं अ‍ॅप आणलं. आदल्या संध्याकाळी अ‍ॅपमध्ये आपला थांबा निवडायचा, बटण दाबायचं, सीट बुक. काही आठवडे सगळं सुरळीत चाललं. आणि एका संध्याकाळी बसच्या ग्रुपवर इंग्रजीत एक नोटीस येऊन पडली. आईने फोन माझ्यासमोर धरला. “वाच गं, काय म्हणतायत?”

ज्या थांब्यांवर पुरेसे प्रवासी नाहीत ते पुढच्या महिन्यापासून बंद, असं म्हणत होते. खाली तक्ता होता. त्यात पुनावळे, आणि समोर रोजचे प्रवासी: एक.

“एक?” आई म्हणाली. “आणि आम्ही काय भुतं आहोत?”

थांबा गेला असता तर आईचं काम गेलं असतं, हे सरळ होतं. त्या वेळेला आमच्याकडून चाकणला जायला दुसरं काही नाही. पुढचा थांबा हायवेच्या कडेने अंधारात चालत जाण्याइतका जवळ नाही. आणि पप्पा निवृत्त झाल्यावर स्वतःच्या कमाईवर उभी राहिलेली माझी आई, जी पगाराच्या दिवशी जरा ताठ चालते, ती घरी बसणार होती. ती भाकरी जरा जोरात थापायला लागली.

माझं डोकं फिरलं. कंपनी आकडे खोटे दाखवतेय! मी तिथेच जमिनीवर बसून फोनवर पत्रक लिहायला घेतलं. मथळा: ‘अकरा जणींना एक म्हणणाऱ्यांनो!’ पप्पा मागून वाकून वाचत होते. निवृत्त माणसाचे डोळे असे लकाकलेले मी बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते.

“मागणी कुठाय?” ते म्हणाले.

“येतेय पुढे.”

“पुढे नाही. मागणी पहिल्या ओळीत. शिव्या नंतर.”

“शिव्या नाहीत पप्पा, विश्लेषण आहे.”

“तेच ते.”

मागणीसाठी पुरावा हवा, म्हणून मी आईला म्हटलं, “तुझं आजचं बुकिंग दाखव.”

“आज माझी पाळी नाही,” आई म्हणाली.

“कसली पाळी?”

“बुकिंगची. आज तिसऱ्या बिल्डिंगमधलीची आहे. माझी परवा झाली.”

आईने आम्हाला समजावून सांगितलं, जरा चिडूनच, कारण यात समजावण्यासारखं काय आहे हे तिला कळत नव्हतं. भिशीत पाळी असते तशी त्यांनी बुकिंगची पाळी लावली होती. रोज एकीने बटण दाबायचं. एकीने दाबलं की बस येणार, आणि बस आली की बाकीच्यांना ती सोडून जाणार आहे थोडीच! म्हणजे पायरीवरचा तो पाय त्यांनी जसाच्या तसा अ‍ॅपमध्ये नेऊन ठेवला होता. रोज एकीचा.

पप्पा आधी हसले आणि मग खोकले. “घे. आकडा कंपनीचा खोटा नाही, आपलाच आहे. आता लिही पत्रक!”

पत्रक पुसलं, राग मात्र पुसला नाही. चूक बायकांची म्हणून विषय संपतो असं मला वाटत नव्हतं, आजही वाटत नाही. बस भरून जाते हे ड्रायव्हर रोज आरशात बघतो. त्याला कोणी विचारलं नाही. थांब्यावर येऊन कोणी बघितलं नाही. तक्त्यात एक दिसला, की माणूस एक. एका तक्त्याच्या भरवशावर अकरा घरांच्या चुली विझवायला निघालेल्या कारभाराला मी साधा गैरसमज म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी आईबरोबर थांब्यावर गेले. आईच्या कॅमेऱ्यात धुकं, म्हणून व्हिडिओ माझ्या फोनवर काढायचा ठरलं. गावातली एक मावशी आधीच आली होती. ही मूळ पुनावळ्याच्या शेतकरी घरातली, आईच्याच लाइनवर काम करणारी. तिच्याकडे बटणांचा छोटा फोन. तो ती कमरेच्या पिशवीत ठेवते आणि वाजला की पिशवीसकट कानाला लावते. बस आली, मावशीचा पाय पायरीवर गेला.

“मावशी, पाय काढा, दार लावायचंय,” ड्रायव्हर म्हणाला.

“दमा जरा दादा! माझी वैनी येतीया.”

“तुमची वैनी रोजच येतीया!”

“मग? यायला नगं व्हय?”

एवढ्यात त्याला माझा फोन दिसला. त्याने लगेच शर्टाची कॉलर नीट केली. “ताई, रील बनवताय का?”

“रील न्हाई,” मावशीने परस्पर सांगितलं, “हजेरी हाय.”

आणि खरंच, एकेक बाई चढताना कॅमेऱ्याकडे बघून “हजर” म्हणायला लागली. एक लाजली, एकीने पदर नीट करून दोनदा म्हटलं, शेवटची पळत येत “अगं थांबा, मी पण हजर!” म्हणून ओरडली. ड्रायव्हरनेही मागे वळून “हजर” म्हणून टाकलं.

आईने तो व्हिडिओ बसचं काम बघणाऱ्या साहेबांना पाठवला आणि खाली आपल्या आवाजात निरोप: “हं सर, ऐका. हे आमचं पुनावळे. मोजून घ्या.”

जेवणाच्या सुट्टीत साहेब स्वतः कॅन्टीनमध्ये आले. संध्याकाळी आईने आम्हाला दोघांचे आवाज काढून दाखवले. साहेब म्हणाले, “अहो ताई, बुकिंग प्रत्येकीने करायचं असतं.” आई म्हणाली, “सर, बस एकच आहे ना? मग बुकिंग पण एकदाच केलं.” साहेब हसले. थांबा राहील म्हणाले, पण एका अटीवर: प्रत्येकीने आपल्या नावाने, आपल्या नंबरवरून बुकिंग करायचं.

रविवारी आमच्या हॉलमध्ये अ‍ॅप-शिबिर भरलं. पप्पांनी चहा केला आणि उगाचच प्रास्ताविक केलं. एकीच्या फोनमध्ये जागा नव्हती, सगळी नातवाच्या व्हिडिओंनी भरलेली. “एक पण उडवायचा नाही,” तिने आधीच बजावलं. शेवटी सुप्रभातची फुलं उडवली. ढीगभर निघाली. एकीचा फोन नवऱ्याबरोबर सेकंड शिफ्टला गेलेला असतो, तिचं बुकिंग दुपारीच करायचं ठरलं. सगळ्यांचं झालं आणि मावशी राहिली. तिने पिशवीतून आपला फोन काढून टेबलावर ठेवला. “ह्याच्यात घाल.”

त्यात काही घालता येणार नव्हतं. एका फोनवरून दोघींचं बुकिंग अ‍ॅप घेत नव्हतं. मी साहेबांना फोन करून विचारलं, ज्यांच्याकडे असा फोन नाही त्यांनी काय करायचं? ते सभ्यपणे म्हणाले, “मॅडम, आजकाल सगळ्यांकडे असतो.”

मी मावशीकडे बघितलं. ती खारी चहात बुडवत होती.

तेव्हापासून मावशीच्या नावापुढे माझा नंबर आहे. रोज संध्याकाळी मी तिची सीट बुक करते. चाकणच्या त्या बसमध्ये मी एकदाही बसलेले नाही, पण अ‍ॅप मला रोज विचारतं: तुमचा प्रवास कसा झाला? खाली लिहायला जागा दिलीय. मी लिहिते. मागणी पहिल्या ओळीत: ‘एका फोनवरून दोघींचं बुकिंग होऊ द्या.’ उत्तर लगेच येतं, आपल्या मौल्यवान अभिप्रायाबद्दल आभार. पप्पांच्या पत्रकांना एवढं झटपट उत्तर कधी आलं नव्हतं.

मागच्या आठवड्यात मी मावळात मैत्रिणीच्या गावी मुक्कामाला होते. तिथे रेंज नव्हती. बुकिंग राहिलं. सकाळी ड्रायव्हरने आपल्या मोबाइलवर बघितलं आणि म्हणाला, “मावशी, आज तुमचं नाव येत नाहीये. नाव नसलं तर घेऊ नका असं सांगितलंय मला.”

पायरीवर त्या दिवशी आईचा पाय होता. तो तिथेच राहिला. “नाव येत नाही, पण मावशी आलीये ना?” ती म्हणाली. मागून बाकीच्याही बोलायला लागल्या असणार. त्याने मावशीला घेतलं. आई सांगते, तो स्वतःशीच पुटपुटला, “अकरा म्हणजे अकरा.”

पण मावशीची नोकरी कोणाच्या तरी पायावर आणि माझ्या रेंजवर अवलंबून असावी, हे मला मान्य नाही. म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे, आणि ते आजच करा. तुमच्या कंपनीचा, सोसायटीचा, शाळेचा जो ग्रुप असेल तो उघडा आणि त्यात कोण नाही ते शोधा. झाडूवाल्या ताई असतील, वॉचमनकाका असतील, तुमची स्वतःची आत्या असेल. त्यांना साधा फोन लावा, जे सगळ्यांना कळवलंय ते बोलून कळवा. आणि मग ज्याने ते अ‍ॅप आणलंय त्याच्या दारात जाऊन विचारा, यांचं काय? उत्तर मिळेपर्यंत पाय पायरीवरून काढू नका.