एकच आजी, सगळ्यांची

गेल्या आठवड्यात आमच्या बालवाडीची पाहणी झाली... आणि तेव्हापासून मी जी गोंधळले आहे ती अजून भानावर आलेले नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी एकोडीला घराच्याच पुढच्या दोन खोल्यांत छोटी बालवाडी चालवते. अंगणवाडी गावात आहेच, पण ती लवकर सुटते. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत आया सकाळीच धानाच्या बांधीत उतरतात, मग मुलं दुपारी तीनपर्यंत माझ्याकडे.

इतकी वर्षं कुणी विचारलं नाही. यंदा कळलं की खासगी बालवाड्यांनाही नोंदणी लागणार. आमच्या बालवाडीवाल्या बायकांच्या ग्रुपवर रोज नवा मेसेज... एक म्हणते कॅमेरा पाहिजे, दुसरी म्हणते कॅमेरा राहू दे, आधी गेट पाहिजे. मी गेट लावून घेतलं तर तिसरी म्हणाली, गेटचं काही नव्हतंच.

साकोलीला तालुक्याच्या ऑफिसात गेले. एका टेबलावर म्हणाले तुम्ही शिक्षण विभागाच्या, दुसऱ्या टेबलावर म्हणाले तुम्ही महिला-बालकल्याणच्या. संध्याकाळच्या बसने परत आले तेव्हा मी नेमकी कोण, हे मलाच सांगता येत नव्हतं.

एवढं मात्र पक्कं कळलं की पाहणीत नापास झाले तर बालवाडी बंद. म्हणजे भर रोवणीत ही सगळी मुलं कुठे ठेवायची? त्या विचाराने माझी झोप उडाली होती.

नियमांतला एकच नियम मला नीट समजला होता. प्रत्येक मुलाचं एक कार्ड करायचं, त्यावर मुलाला घरी नेणाऱ्या व्यक्तीचा फोटो लावायचा, आणि त्या व्यक्तीशिवाय दुसऱ्या कुणाच्याही हाती मूल द्यायचं नाही. हे मला मनापासून पटलं. कार्डं घरोघरी पाठवली, फोटो चिकटवून आणा म्हटलं. आली तशी रबर लावून कपाटात ठेवली... उघडून काही बघितली नाहीत. गेटच्या नादात होते ना.

पाहणीला आलेल्या मॅडम स्वभावाने बऱ्या होत्या. खोल्या बघितल्या, पाण्याचा माठ बघितला, गेटकडे तर ढुंकूनही बघितलं नाही. मग म्हणाल्या, कार्डं दाखवा.

त्यांनी पहिलं कार्ड बघितलं. दुसरं बघितलं. तिसऱ्याला चष्मा पुसला. मी वाकून बघितलं तर प्रत्येक कार्डावर एकच बाई... हिरवं लुगडं, डोळे वटारलेले. आमच्या गल्लीतल्या वच्छलाबाई!

आता यात चूक कुणाची, तुम्हीच सांगा. मीच म्हटलं होतं ना, जी व्यक्ती मुलाला नेते तिचा फोटो लावा. रोवणीत आईबाप बांधीत, म्हणून तीन वाजता वच्छलाबाई येतात आणि सगळी फौज आपल्या ओसरीवर नेतात. आया परतेपर्यंत मुलं तिथेच. बायांनी अगदी खरं तेच लावलं होतं.

मॅडम कार्डावरची आडनावं वाचायला लागल्या. मेश्राम काय, कापगते काय, लांजेवार काय... त्यांनी एकेका मुलाला जवळ घेऊन विचारलं, ही तुझी कोण? सगळ्यांचं उत्तर एकच. आजी.

नेमक्या तेव्हाच वच्छलाबाई गेटातून आत आल्या. मॅडमच्या हातात स्वतःचे इतके फोटो बघून त्या जरा वरमल्या.

"काहून जी मॅडम, फोटोत काही खराबी हाय का? साकोलीले जाऊन काढले मी. एकदमच काढून घेतले, सगळ्याईले पुरले पाह्यजेत म्हणून."

मॅडमनी समजावलं, की नियमात पालक किंवा घरचं माणूस अपेक्षित आहे.

"घरचे तं धानात हायेत. मंग लेकरं कोन नेईन?"

मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या, मी मॅडमकडे. शेवटी त्या म्हणाल्या की असा प्रकार त्यांनी कुठे बघितला नाही, त्या वर विचारून कळवतील. तोवर निदान प्रत्येक कार्डावर दुसऱ्या एका माणसाचा फोटो लावून घ्या, वच्छलाबाई नसल्या तर कोण नेणार त्याचा.

मी त्याच संध्याकाळी कार्डं घेऊन घरोघरी जाऊन सांगितलं. नीट समजावून सांगितलं, की आपल्या भरवशाचं माणूस पाहिजे, उगाच कुणाचाही फोटो नको.

दुसऱ्या दिवशी कार्डं परत आली. या वेळी मी शहाणी झाले होते, लगेच उघडून बघितली. वच्छलाबाईंच्या फोटोशेजारी, सगळ्या कार्डांवर... मी.

मागच्या गॅदरिंगच्या ग्रुप फोटोतून मला कात्रीने कापून काढलं होतं. एका कार्डावर माझ्या खांद्यावर कुणाची तरी बोटं राहिली होती, एकावर माझा अर्धा कान गेला होता. मी हसायला लागले आणि हसता हसता रडूच आलं.

परवा वच्छलाबाईंना ताप होता, त्या आल्या नाहीत. तीन वाजले. नियम म्हणजे नियम, म्हणून मी कार्ड काढलं, माझा चेहरा बघितला आणि मुलं माझ्याच ताब्यात दिली. अंधार पडायच्या सुमारास आया आल्या, गुडघ्यापर्यंत चिखल तसाच. दारातूनच मुलं उचलून नेली... उशिरापर्यंत कशी ठेवली म्हणून कुणी विचारलं नाही, कुणाला काळजीही वाटलेली दिसली नाही.

मॅडमचं उत्तर अजून आलेलं नाही. मी शिक्षणवाली की बालकल्याणवाली, तेही कळलेलं नाही. पण कार्डं बदलून आणा, असं मी आता कुणाला सांगायला जाणार नाही.