पडलं तरी हात वर

जिम्नॅस्टिक्समध्ये एक रीत आहे. आपलं रुटीन सुरू करायच्या आधी पंचांकडे तोंड करून दोन्ही हात वर करायचे, आणि संपलं की पुन्हा तसेच करायचे. मधल्या काळात तुम्ही तोंडावर आपटला असाल तरी यात सूट नाही. आमच्या कोच बाई सांगायच्या, "रडायचं ते होस्टेलवर जाऊन. मॅटवर हात वर आणि दात बाहेर." ऑलिम्पिकमधल्या मुलीही पडल्यावर असंच हसतात, हे मी फोनवर पाहिलं होतं. त्यांचं मला काही वाटायचं नाही. त्यांचे वडील चोपड्याहून एसटीने आलेले नसतात.

माझे आले होते. त्यांना आम्ही आबा म्हणतो. आमचं गाव चोपड्याच्या पुढे, घरची केळी. मी शाळेला जळगावला मामांकडे होते, तिथेच हा खेळ लागला, आणि मग कॉलेजला धुळ्यात देवपूरला आले. घरी 'पोरगी कसरत करते' एवढंच ठाऊक होतं. मीही त्यात भर घातली नव्हती. आमचा कॉस्च्युम म्हणजे अंगाला घट्ट चिकटलेला, मांड्या पूर्ण उघड्या. तो मी कधी गावी नेला नाही. होस्टेलच्या दोरीवरसुद्धा तो टॉवेलखाली वाळायचा.

पण कॉलेजच्या ग्रुपवर कोणीतरी आमचा फोटो टाकला आणि तो फिरत फिरत थेट काकांच्या फोनवर गेला. दिवाळीत घरी गेले तर ओट्यावर तोच विषय. काका म्हणाले, "अश्या कपडासमा? बठ्ठं गाव देखी ऱ्हायनं." सगळं गाव बघतंय म्हणे. आई आत निघून गेली. मी खांबाला टेकून पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी होते. त्या फोटोत मी बीमवर, म्हणजे चार फूट उंचीच्या अरुंद आडव्या पट्टीवर, एका पायावर उभी होते, छान तोल साधला होता, पण तोल कोणाला दिसतोय! आबांनी फोन हातात घेतला, पाहिला न पाहिल्यासारखा केला आणि उलटा करून ठेवला. विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर परराज्यात जावं लागणार होतं, आणि आबा नाही म्हणाले असते तर विषयच संपला होता. ते म्हणाले, "मी देखीसन सांगसू." म्हणजे आधी स्वतः बघणार, मग काय ते सांगणार.

निवड चाचणी धुळ्यातच होती. मी बाईंना विचारलं, आतून काळी लेगिंग घालू का? बाई म्हणाल्या, "संघाचा ड्रेस एक. तू एकटीच काय लग्नाला आलीयेस?" मुली हसल्या. मीही हसले आणि बाथरूममध्ये जाऊन कॉस्च्युम खाली ओढून बघितला. तो ओढून किती वाढणार? मांडीवर बीम लागून काळंनिळं झालेलं होतं, त्यावर मी पावडर चोपडली. ज्या माणसासमोर मी ओढणीशिवाय अंगणातही गेले नव्हते, तो माणूस बाहेर बसला होता.

आबा प्रेक्षकांच्या सगळ्यात वरच्या पायरीवर होते. पांढरा शर्ट, मांडीवर पिशवी. माझं नाव पुकारलं. मी बीमपाशी गेले, पंचांकडे वळले आणि हात वर केले. पंच आणि आबा एकाच बाजूला, एक खाली, एक वर. आबा उभे राहिले. त्यांनी पिशवी बाजूला ठेवली आणि दोन्ही हात वर केले.

त्यांना वाटलं, पोरगी आपल्याला हात करतेय.

हॉलमध्ये हशा पिकला. एक पंच वळून बघायला लागल्या. माझे कान तापले. आबा मात्र हात वर करून उभेच होते, मी खाली घेईपर्यंत.

बीम हा चार बोटं रुंद रस्ता असतो आणि त्यावर दुसरं काही डोक्यात चालत नाही. माझ्या डोक्यात आबा होते. आता त्यांना मांड्या दिसत असतील, आता काळंनिळं दिसत असेल, आता मी मागे वाकणार आणि ते काय बघतील! वळताना पाय निसटला आणि मी बीमवर मांडी आपटून खाली आले. आवाज सगळ्यांनी ऐकला. पुन्हा चढले, उरलेलं कसंबसं उरकलं, उडी मारून उतरले, एक पाऊल मागे गेलं. मग सवयीने हात वर केले, दात दाखवले. डोळ्यांत पाणी होतं. वरच्या पायरीवर आबा पुन्हा उभे, दोन्ही हात वर. पुन्हा हशा. जमीन दुभंगून आत घेईल तर बरं, असं मला अगदी मनापासून वाटलं.

आमच्याकडे बीमवर चढणाऱ्या मुलीच मोजक्या, त्यामुळे पडूनही संघात नाव आलं. त्याचीही लाजच वाटली.

सलवार-कमीज घालून, ओढणी नीट घेऊन मी बाहेर गेले. आबा नळापाशी उभे होते. पिशवीतून त्यांनी दशम्यांचं फडकं काढून दिलं. मग म्हणाले, "तू पडनी व्हती का? बाजूना मानूस सांगे. लागनं का तुले?"

मला कळेना. "आबा, तुम्ही देखं नही?"

त्यांनी मान हलवली. नजर नळाच्या तोटीवर. हळूहळू त्यांनी सांगितलं ते असं, की सुरुवातीला मी हात वर केले तेव्हा त्यांनी माझं तोंड तेवढं पाहिलं, आणि मग मान खाली घातली ती घातलीच. शेजारच्या माणसाला सांगून ठेवलं होतं, पोरीचं झालं की मला सांग. त्याने कोपर मारलं तेव्हा वर पाहिलं. मी हात वर करून हसत होते. म्हणून यांनीही केले.

म्हणजे जे बघतील म्हणून मी बीमवरून पडले, ते त्यांनी बघितलंच नव्हतं. तेही तिथे माझ्याइतकेच लाजून बसले होते, पायांतल्या चपलांकडे बघत, आणि तरी उठून उभे राहिले होते. मला माझीच लाज वाटली, आणि हातातली दशमी मी परत फडक्यात गुंडाळली.

"देखीसन सांगसू म्हणेल व्हतं मी," आबा म्हणाले. "माले देखाणं जमनं नही. मंग मी काय सांगू? आते तूच सांग."

मी सांगितलं, संघाबरोबर जाते. ते "बरं" म्हणाले आणि एसटी स्टँडकडे निघाले.

त्यानंतर जवळपासच्या स्पर्धांना ते येतात. वरच्या पायरीवर बसतात, मान खाली घालतात, आणि शेजारी बसेल त्याला सांगून ठेवतात. लोक अजून हसतात आणि माझे कान अजून तापतात. बाई ओरडतात, "हात किती वेळ वर धरतेस, पंचांनी बघितलं कधीच!" पण मी खाली घेत नाही. आबांना मान वर करायला थोडा वेळ लागतो.