भरदिवसा आलेली मावशी

आईला इंग्रजी येत नाही, म्हणून मी वाचत होते ती कादंबरी तिला रोज संध्याकाळी मराठीत सांगायचे. हल्लीचीच, आयर्लंडमधल्या एका कुटुंबाची. थोरली मुलगी घर सोडते आणि त्यानंतर घरात तिचं नाव कुणी काढत नाही. भिंतीवरचा फोटोसुद्धा उतरवतात. आई वालाचं बिरडं सोलत ऐकायची, मध्येच त्या लोकांना शिव्या घालायची.

एके दिवशी तिचे हात थांबले. "मला पन एक बहीन हाय," ती म्हणाली.

मी चाळिशी ओलांडलेली बाई. जन्म घणसोली गावातला, आईचं माहेर दोन गल्ल्या पलीकडे, आणि हे मला आज कळत होतं! मावशीनं बाजारातल्या एका साताऱ्याच्या हमालाशी लग्न केलं, तेव्हा आजोबांनी सगळ्यांना शपथ घातली होती: ती आपली नाही. आजोबा गेले, शपथ चालूच राहिली.

"असते कुठे?"

"सानपाड्याला. भाजीवाली सांगते तिची खुशाली."

"सानपाड्याला?" मी ओरडलेच. माझं ऑफिस तिथेच, लोकलनं पंधरा मिनिटांवर. कादंबरीतली मुलगी निदान समुद्र ओलांडून गेली होती!

रविवारी आम्ही मावशीच्या दारात उभ्या राहिलो. तिनं आईकडे बघितलं, बघतच राहिली. मग म्हणाली, "किती जाडी झालीस गं!" दोघी हसता हसता रडायला लागल्या.

डोळे पुसून आई म्हणाली, "साडी बदल. घरी जायचंय."

"आनि दादा?"

"दादाला मी बघते."

मागच्या रस्त्यानं गुपचूप जाता आलं असतं. आईनं रिक्षा गावाच्या तोंडाशीच सोडली आणि मावशीचा हात धरून भर गल्लीतून निघाली. मामा त्याच्या नव्या बिल्डिंगखाली खुर्ची टाकून बसला होता. त्याच्यासमोर कधी आवाज न चढवलेली माझी आई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "दादा, आपली बहीन आलीय. वळखलीस ना?"

मामा उठून उभा राहिला. तेवढ्यात आतून मामी तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन आली, मावशीवरून ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. "आत या, वन्सं."

मामानं खाली बघत चपला शोधल्या. "पापलेट खातेस ना अजून?"

"खाते," मावशी म्हणाली. "पन मोठं आन."

दिवसभर शेजारणी डोकावत राहिल्या, आणि आई प्रत्येकीला हाताला धरून आत आणत राहिली: "ये, माजी बहीन बघ."