इंजिन बंद न करणारा मामा

गाडीवरून पाय खाली न टेकवता अख्खा संसार करता येतो, हा शोध अमेरिकेचा नाही, माझ्या भिंगारच्या मामाचा आहे. आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट या नात्याने मी हे छातीठोकपणे सांगतो. नगरला कॉलेजात असताना वाचनालयातल्या एका मासिकात मी वाचलं, की तिकडे लोक मोटार दुकानाच्या खिडकीशी लावतात, बसल्या जागी खाणं घेतात आणि तसेच पुढे निघतात. बँकेचं कामसुद्धा असंच. मी मासिक मिटलं. यात नवीन काय होतं?

मामाने लष्कराच्या लिलावात एक जुनी मोटारसायकल घेतली होती. एकदा बंद केली, की ती चालू करायला अर्ध्या गल्लीने ढकलावं लागे. म्हणून मामा ती बंदच करत नसे. हॉटेलवाला चहा रस्त्यावर आणून देई, वाणी गुळाची ढेप मागे बांधून देई, मारुतीचा गुरव पायरीवरून वाकून हातावर तीर्थ घाली. न्हावी तर वस्तरा घेऊन बाहेर येई. "अण्णा, इंजिन बंद करा, सगळं हालतंय. मिशी जाईल!"

"जाऊ दे. मिशी परत येती, इंजिन येत न्हाई."

भाऊबीजही तशीच. राहुरीजवळच्या आमच्या गावी येऊन मामा अंगणात गाडी धडधडत ठेवायचा आणि आई ताट घेऊन बाहेर जायची. निरांजन विझायचं, कुंकू कपाळाऐवजी नाकाला लागायचं, करंज्या खिशात जायच्या. मामा निघायचा. आत मांडलेला पाट तसाच राहायचा.

मी बी.ए. झालो त्या वर्षी आई बाहेर गेलीच नाही. ताट घेऊन पाटासमोर बसली. मामाने हॉर्न वाजवला.

"आक्के, आण की ताट!"

"वरातीतला नवरदेव हाय का तू, रस्त्यात ओवाळायला?" आई आतूनच म्हणाली. "बहिणीच्या घरात बसायचं आसंल तर उतर. न्हाईतर जा तसाच."

इंजिन धडधडत राहिलं. आमच्या वडिलांनी पानाला चुना लावायचा हात थांबवला. आणि मग एकदम सगळं गप्प झालं.

मामा आत आला. चालताना तो मला चांगलाच बुटका वाटला. ओवाळून झालं, जेवण झालं. मामा 'बास' म्हणत राहिला, आई वाढत राहिली.

उन्हं कलल्यावर आम्ही सगळ्यांनी गाडी कॅनॉलपर्यंत ढकलत नेली, परत आणली. ती नुसती खोकायची. लोक तिला शिव्या घालत होते, मामा घामाघूम झाला होता. मी मागे वळून पाहिलं. आई अंगणात उभी राहून गोधडी झटकत होती.